अकरा जोड चपला

तिसरी चिठ्ठी धाकटीने डाव्या हाताने लिहायला घेतली.

पहिली उजव्या हाताने झाली होती, सरळ उभ्या अक्षरात. दुसरीही उजव्याच हाताने, पण कागद तिरका धरून. तसा धरला की अक्षरं आपोआप मागे रेलतात. तिसरीला मात्र डावा हात लागायचा. डाव्या हाताचं अक्षर शाळा अर्ध्यावर सोडलेल्या माणसासारखं उमटायचं, आणि तक्रारपेटीत असं एखादं अक्षर असलेलं बरं दिसतं, असं सुपरवायझरचं म्हणणं.

"पहिलीत काय टाकलंस?" त्याने चहाचा पेला बाजूला सारत विचारलं.

"बायकांचा आरसा फार उंच लावलाय. तोंड दिसत नाही, नुसता भांग दिसतो."

"झकास. दोन खिळ्यांचं काम. दुसरी?"

"जेवणाच्या खोलीतलं घड्याळ सात मिनिटं मागे चालतं."

"अगं, मागे चालतं म्हणजे तुम्हाला सात मिनिटं जास्त मिळतात! त्यावर कोण शहाणी तक्रार करेल?"

धाकटीने जरा विचार केला. "मग पुढे चालतं असं लिहू?"

"लिही. आणि जाताना ते घड्याळ सात मिनिटं पुढे करून ये."

तिने दुसरी चिठ्ठी फाडून नव्याने लिहिली.

कारखाना बुटांचा होता. बूट इथे तयार व्हायचे, पण त्यांच्यावर नाव दुसऱ्याच कंपनीचं पडायचं, आणि ती कंपनी दर तीन महिन्यांनी एक तपासनीस पाठवायची. आपण जो माल विकतो तो करताना कुणाच्या जिवाला, कुणाच्या हक्काला धक्का लागत नाही ना, हे पाहायला. पहिल्या वर्षी सुपरवायझरने तक्रारपेटी उघडून मोठ्या अभिमानाने तिचा रिकामा तळ दाखवला होता, पाहुण्याने पुसून खाल्लेलं ताट दाखवावं तसा. त्यावर लाल शेरा बसला. पेटी रिकामी असेल तर लोक बोलायला घाबरतात असं समजावं, असं तपासणीच्या कागदात छापलेलंच होतं. माणूस चार दिवस जेवला नाही. मग त्याने यावर तोड काढली: दर तपासणीला तीन तक्रारी. कुणाचं नाव नको, आठवड्यात मिटायला हव्यात, आणि मिटल्याचा फोटो निघायला हवा. धाकटी बूट पुसून खोक्यात भरण्याच्या कामावर होती, तिचं अक्षर चांगलं होतं, आणि ती फारशी बोलत नसे. दोन वर्षांत तिने कारखान्यातल्या सगळ्या बायकांच्या वतीने एकवीस तक्रारी केल्या होत्या. या तीन धरून चोवीस. बायका तिला चिटणीस म्हणायच्या.

तिसरीपाशी ती अडली. ऑफिसच्या खोलीला काचेचं दार होतं आणि काचेतून लांब बोळ दिसायचा. बोळाच्या टोकाची खोली सोल्युशनची. बुटाचा तळ वरच्या भागाला चिकटवायचं जे उग्र वासाचं सोल्युशन, त्यात ब्रश बुडवून अकरा जणी दिवसभर तळ माखत बसायच्या. त्यांची सुट्टी झाली होती. एकेक जण बाहेर पडत होती. पाचवी थोरली होती.

थोरली म्हणजे धाकटीची जाऊ. तिने चार पावलं टाकली आणि तिची डावी चप्पल मागे राहिली. ती तशीच चालत राहिली. एक पाय चपलेत, एक उघडा, थंडगार फरशीवर, सहा-सात पावलं. मागून येणारीने चप्पल उचलली आणि ओरडली, "अगं बाई, तुझी चप्पल मागे राहिली!"

थोरलीने वळून पाहिलं, मग खाली पाहिलं आणि हसली. "राहू दे. येईल मागून. वाट माहीत आहे तिला."

सगळ्या हसल्या. धाकटीने पेन डाव्या हातात नीट धरलं आणि लिहिलं: सोल्युशनच्या खोलीत दिलेल्या चपला पायातून निसटतात. मागे पट्टा असलेल्या द्याव्या.

सुपरवायझरने चिठ्ठी वाचली. त्याचा चेहरा खुलला.

"याला म्हणतात तक्रार! म्हणजे खरी नव्हे, पण वाटते कशी खरी. फोटोही छान निघेल, अकरा जणी नव्या चपला घालून उभ्या." त्याने वहीत आकडा टिपला. "शिलाईवाल्यांना नकोत ना?"

"त्यांच्या निसटत नाहीत," धाकटी म्हणाली.

"मग झालं तर."

*

घर दोन खोल्यांचं. दोघे भाऊ लांब बांधकामावर असायचे, दोन महिन्यांनी एकदा यायचे. घर चालायचं ते या दोघींवर. धाकटी लग्न होऊन आली तेव्हा तिला धड भात शिजवता येत नव्हता. थोरलीने तिला चूल शिकवली, बाजार शिकवला, नवऱ्याशी भांडायचं कसं आणि थांबायचं केव्हा तेही शिकवलं, आणि शेवटी हात धरून कारखान्यात नेऊन उभी केली. थोरलीचा देवावर भारी विश्वास. पण देवाला बारीकसारीक सांगत बसू नये, त्याला आपल्याखेरीज इतरही माणसं आहेत, असं तिचं मत होतं. म्हणून तिच्या प्रार्थना आटोपशीर असायच्या.

संध्याकाळी ती तेलाची वाटी घेऊन पाय चोळत बसली होती.

"ती चपलांची चिठ्ठी तुझीच ना गं?"

"तिन्ही माझ्याच असतात, वहिनी."

"आरसा ठीक होता. घड्याळ ठीक होतं. माझ्या पायांपर्यंत कशाला आलीस?"

धाकटी भाजी निवडत होती. तिने मान वर केली नाही. "परवा जिन्यात पडता पडता वाचलात तुम्ही. त्याच्या आधी बसमधून उतरताना."

"मुंग्या येतात. दिवसभर एका जागी बसल्यावर तुलाही येतील."

"मी दिवसभर उभी असते."

"मग तुला कळ येईल. ज्याला त्याला काहीतरी येतंच." थोरलीने वाटी खाली ठेवली. आवाज उतरला. "हे बघ. मागच्या कारखान्यात अशीच एक जण खरं बोलून बसली. मीच कौतुक केलं होतं तिचं. बाहेरच्या कंपनीने कागदावर लिहिलं, इथे माणसांचे हाल होतात, आम्ही यांच्याकडून माल घेणार नाही. शोभलं त्यांना. महिन्याभरात दाराला कुलूप. दोनशे बायका घरी. माझ्या हालांचं काय झालं? ते माझ्याबरोबर घरी आले."

धाकटीने निवडलेली भाजी पातेल्यात टाकली.

"गुरुवारी ती तपासणीवाली येणार. सोल्युशनमधल्या आम्हा चौघींना रजा दिलीय सुपरवायझरने. दुपारी घरी झोपायचं म्हणे, मजा आहे." थोरली हसली, पण लगेच थांबली. "माझ्या पायांबद्दल एक शब्द काढायचा नाहीस. माझी शपथ आहे तुला."

"वहिनी, शपथा कशाला घालता?"

"घातली. आता काढता येत नाही."

*

गुरुवारी सोल्युशनच्या खोलीत उग्र वास नव्हता. तपासणीच्या दिवशी दुधासारखं पांढरं, बिनवासाचं सोल्युशन बाहेर यायचं, जे एरवी कपाटात असायचं, कारण ते वाळायला दुप्पट वेळ घेतं. हवा बाहेर फेकणारा पंखा सकाळपासून फिरत होता. त्याच्या जाळीतली कोळिष्टकं सुटून खालच्या टेबलावर पडली होती आणि एक जण ती फडक्याने टिपत होती. अकरापैकी सात जणी नव्या पट्ट्याच्या चपला घालून बसल्या होत्या.

तपासनीस बाई पन्नाशीच्या असाव्यात. सपाट बूट, खांद्याला जड पिशवी, चष्मा गळ्यातल्या दोरीला. त्यांनी खोल्या पाहिल्या, दारं उघडून पाहिली, हजेरी पाहिली आणि ऑफिसात येऊन तक्रारपेटी उघडली. तक्रार समितीची सदस्य म्हणून धाकटीला बोलावलं होतं. ती भिंतीला टेकून उभी राहिली.

"आरसा?" बाईंनी पहिली चिठ्ठी टेबलावर ठेवली.

"खाली घेतला," सुपरवायझर म्हणाला. "फोटो आहे."

"घड्याळ?"

"मागे घेतलं. फोटो आहे."

"घड्याळाचा फोटो?"

"वेळेसकट."

बाई गालातल्या गालात हसल्या. मग त्यांनी तिसरी चिठ्ठी वाचली. चष्मा चढवून पुन्हा वाचली.

"हिचं काय केलंत?"

सुपरवायझर या प्रश्नाची वाटच पाहत होता. तो स्वतः बाजारात जाऊन आला होता, तीन दुकानं फिरला होता, प्रत्येकीच्या पायाचं माप घेतलं होतं. सगळं त्याने सविस्तर सांगितलं. "अकरा जोड. सोमवारी तक्रार, बुधवारी चपला. आमच्याकडे दिरंगाई नाही."

"चांगलं केलंत. जुन्या टाकून दिल्या?"

"छे! जपून ठेवल्यात. तुम्ही मागाल म्हणून."

तो आतून पोतं घेऊन आला आणि ऑफिसच्या फरशीवर चपला ओतल्या. बाई खुर्चीवरून उठून सरळ खाली बसल्या, फरशीवरच, आणि जोड लावायला लागल्या. धाकटीला राहवलं नाही. तीही बसली आणि लावू लागली. अकरा जोड एका रांगेत झाले. बाईंनी मग एकेक चप्पल उलटी केली.

टाचा जवळजवळ नव्या होत्या. रबरावरची नक्षी तशीच्या तशी. पुढची टोकं मात्र घासून पातळ झाली होती, आणि चार जोडांची तर बोटांखाली आरपार गेली होती. त्या चारांतला एक जोड कुणाचा हे धाकटीला उलटा न करताही माहीत होतं.

"या पुढूनच झिजल्यात," बाई म्हणाल्या.

"बायका पाय ओढत चालतात हो. सवय असते."

"अकराच्या अकरा?"

"एकमेकींचं बघून लागते सवय."

"शिलाईत किती जणी आहेत?"

"पासष्ट."

"त्यांना का नाही दिल्या नव्या?"

"त्यांच्या कुठे निसटतात?" सुपरवायझर म्हणाला. "त्यांच्या पायात नीट बसतात. या सोल्युशनवाल्यांच्याच तेवढ्या..."

तो थांबला. आपलंच वाक्य आता आपल्या कानावर आल्यासारखा तो उभा राहिला. मग त्याने रुमाल काढला आणि न आलेला घाम पुसला. धाकटीला त्या घडीला त्याची दया आली. तीन दुकानं फिरून त्याने खरंच चांगल्या चपला आणल्या होत्या.

"मला समितीच्या बाईंशी एकटीने बोलायचंय," तपासनीस म्हणाल्या. "तुम्ही थोडं बाहेर थांबाल?"

तो बाहेर गेला. काचेच्या दारापलीकडे पाठ करून उभा राहिला.

*

बाई खुर्चीवर बसल्या नाहीत. चपलांच्या रांगेपाशीच बसून राहिल्या.

"तुमचं नाव मी लिहीत नाही," त्या म्हणाल्या. "एवढ्यासाठी हात रिकामे ठेवलेत." त्यांनी दोन्ही तळवे दाखवले.

धाकटीने मान हलवली.

"त्या उग्र वासाच्या सोल्युशनमध्ये पातळ करायला एक द्रव्य घालतात. बंद खोलीत रोज श्वासावाटे आत जात राहिलं तर ते पायांच्या नसांना धरतं. आधी मुंग्या, मग बधिरपणा, मग पाऊल नीट उचलत नाही. चप्पल निसटते आणि कळत नाही. तुम्हाला हे माहीत होतं?"

"नाही," धाकटी म्हणाली. हे खरं होतं. चप्पल निसटते एवढंच तिला माहीत होतं.

"वेळेवर थांबलं तर बरंचसं परत येतं. हळूहळू येतं, वर्ष लागतं. वेळेवर नाही थांबलं तर मग नाही येत." बाईंनी आरपार झिजलेली एक चप्पल उचलली, तिच्या भोकातून बोट बाहेर काढलं आणि ती परत जागेवर ठेवली. "या चौघी आज रजेवर आहेत. हो ना?"

धाकटी काचेकडे पाहत होती.

"एकजण जरी भेटली तरी पुरे. चपलांवर मी चार ओळी लिहीन आणि ते म्हणतील सवय असते. पायांवर लिहिलं तर तसं म्हणता येत नाही."

"मग तुम्ही माल घेणं बंद कराल," धाकटी म्हणाली.

बाईंनी चष्मा काढून दोरीवर सोडला.

"पूर्वी करायचे," त्या म्हणाल्या. "सोपं पडायचं. आता कागदात लिहिलंय की आधी दुरुस्त करून घ्या, खर्चाचा वाटा उचला, ज्यांचं नुकसान झालं त्यांना भरून द्या, आणि सोडून जाणं अगदी शेवटी. मी तसंच लिहिणार. पण निर्णय माझ्या हातात नसतो. खोटं वचन मी तुम्हाला देणार नाही."

धाकटीला वाटलं, हिने वचन दिलं असतं तर बरं झालं असतं. मग हिच्यावर विश्वास ठेवायची गरज पडली नसती. आता मात्र पडली.

"मला काही सांगता येणार नाही," ती म्हणाली. "मला शपथ आहे."

"बरं."

"कुणाच्या पायांबद्दल बोलायचं नाही, अशी आहे."

"समजलं."

धाकटी उठली. चपला पोत्यात भरायला लागली, जोड न मोडता. पोत्याचं तोंड बांधून झाल्यावर ती म्हणाली, "माझी सुट्टी पाचला होते. मी मागच्या दाराने निघते आणि चालत घरी जाते. वीस मिनिटं लागतात. माझ्या मागून कोण येतं, कोण नाही, ते मी कधी बघत नाही."

*

थोरलीने दार उघडलं. आधी धाकटीकडे पाहिलं, मग तिच्या खांद्यावरून मागे.

"ही कोण?"

"मागून आल्या," धाकटी म्हणाली.

"मागून कुत्रंही येतं, त्याला कुणी घरात घेत नाही." पण तिने दार अडवलं नाही. घरी आलेल्या माणसाला उभं ठेवणं तिच्या रक्तात नव्हतं. "या बाई. बसा. पाणी देते. पाणी पिऊन जा."

तपासनीस बसल्या. पाणी प्यायल्या. आपण कोण, कशासाठी आलो ते त्यांनी सांगितलं. थोरली ऐकत होती आणि ऐकता ऐकता धाकटीकडे असं बघत होती की धाकटीने उगीचच स्टोव्ह पुसायला घेतला.

"यांनी मला एक शब्द सांगितला नाही," बाई म्हणाल्या. "शपथ पाळली."

"पाळली! आख्खं माणूस घरात आणून बसवलं आणि म्हणे शपथ पाळली." थोरली पलंगाच्या कडेवर बसली. "बाई, तुमचं काम मला कळतं. चांगलंच काम आहे, देव तुमचं भलं करो. पण माझे पाय ठणठणीत आहेत. बसून मुंग्या येतात, तेल लावलं की जातात. मला लिहू नका तुमच्या कागदात. मला लिहिलंत की उद्या मला घरी बसवतील, आणि परवा बाकीच्यांना."

"तुम्हाला मुंग्याच येत असतील तर मी तसंच लिहीन. पाय ठीक आहेत, मुंग्या येतात."

"लिहाल?"

"पाहून लिहीन. एक साधी तपासणी आहे. एका डॉक्टरांनी शिकवलीय मला. दुखत नाही, औषध नाही, सुई नाही. नुसतं डोळे मिटायचे आणि मी कुठे टेकवते ते सांगायचं."

थोरलीने विचार केला. तिच्या डोळ्यांत जरा चमक आली. एक भांडण सरळ जिंकण्यासारखं समोर आलं होतं.

"आणि बरोबर सांगितलं तर तुम्ही जाल?"

"जाईन."

"आणि ही उद्यापासून फक्त आरशांच्या तक्रारी लिहील?"

"ते त्यांचं त्यांनी ठरवावं."

"लिहील," थोरली म्हणाली. तिने पाय पलंगावर घेतले, कपडा गुडघ्यापर्यंत सारला. "करा. झटपट करा, मला स्वयंपाक आहे."

बाईंनी पिशवीतून पेन्सिल काढली, टोक बोथट झालेली. आधी त्यांनी ती थोरलीच्या हाताच्या पाठीवर टेकवली. "हे कळलं?"

"कळलं की! गुदगुल्या झाल्या."

"असं जेव्हा जेव्हा कळेल तेव्हा हं म्हणायचं. नाही कळलं तर काही नाही म्हणायचं. आता डोळे मिटा."

थोरलीने डोळे मिटले. दोन्ही हात मांडीवर ठेवून ती ताठ बसली, देवापुढे बसावं तशी. ओठांच्या कोपऱ्यात हसू होतं. धाकटी स्टोव्ह सोडून जवळ आली आणि भिंतीशी उभी राहिली.

बाईंनी पेन्सिलचं टोक डाव्या पायाच्या करंगळीवर टेकवलं आणि दाबलं. कातडीला खळगा पडला. तिथे पांढरा ठिपका उमटला आणि सावकाश गेला. बाई शेजारच्या बोटाकडे वळल्या. मग त्याच्या शेजारच्या. अंगठ्यावर त्यांनी जरा जास्त दाबलं. थोरली तशीच ताठ होती, भुवया किंचित वर, लक्ष देऊन ऐकणाऱ्या माणसासारखी. बाहेर कुणाच्या तरी घरात भांडं पडलं तेव्हा तिची मान तिकडे वळली आणि परत सरळ झाली.

धाकटी मनात मोजत होती. पाच बोटं. मग तळव्याचा पुढचा भाग, दोनदा. मधली खोबण. टाच. पावलाची पाठ, तीनदा. घोटा आतून, घोटा बाहेरून. बाई अजिबात घाई करत नव्हत्या. प्रत्येक वेळी पेन्सिल टेकवून त्या थोरलीच्या चेहऱ्याकडे पाहायच्या आणि मग दोन बोटं वर सरकायच्या. घोट्याच्या वर एकदा. आणखी वर एकदा. पिंढरीच्या निम्म्यावर त्यांनी पेन्सिल टेकवली.

"हं!" थोरली म्हणाली. आवाजात जिंकल्याचा आनंद होता. "बघा! कधी सुरू करता म्हणून वाट बघत होते. पहिल्याच झटक्याला सांगितलं की नाही?"



तिने डोळे उघडले. पेन्सिल जिथे होती तिथेच बाईंनी राहू दिली होती. थोरलीने पेन्सिलकडे पाहिलं. मग तिची नजर हळूहळू खाली उतरली, पिंढरीवरून घोट्यावर, घोट्यावरून पावलावर. अंगठ्यावर दाबल्याची खूण अजून पुरती गेली नव्हती.

"तू मोजत होतीस," ती धाकटीला म्हणाली.

"हो."

"किती?"

"सतरावा होता, वहिनी."

थोरलीने कपडा खाली ओढला. हाताने पाऊल धरलं आणि थोडा वेळ ते तसंच धरून ठेवलं, झोपलेल्या लेकराचं धरतात तसं. तिच्या तोंडून काही शब्द निघाले, पण ते तिथल्या कुणासाठी नव्हते आणि फार थोडे होते.

तपासनीस बाईंनी पेन्सिल पिशवीत ठेवली. "लिहू का?" त्यांनी विचारलं. "तुम्ही नको म्हणालात तर नाही लिहीत."

"मी एकटी असते तर नको म्हटलं असतं." थोरलीने पाय पलंगाखाली सोडले. "आमच्यातली एक तेवीस वर्षांची आहे. तिची चप्पल मागच्या महिन्यापासून निसटायला लागलीय. मीच तिला म्हटलं, बसून मुंग्या येतात, तेल लाव."

ती उठली. भिंतीला हात टेकला, मग भिंत सोडून धाकटीचा खांदा धरला. दारातल्या चपलांकडे बघून तिने एक पाय घातला, तो नीट बसला की नाही हे वाकून पाहिलं, मग दुसरा घातला आणि तोही वाकून पाहिला.

"स्वयंपाक?" धाकटीने विचारलं.

"आल्यावर करू. तिघींची घरं इथून जवळच आहेत. चला बाई." ती उंबऱ्यापाशी थांबली, बाहेरचा उजेड किती उरलाय ते तिने पाहिलं आणि धाकटीच्या खांद्यावरचा हात घट्ट केला.

"उजेड आहे तोवर निघू," ती म्हणाली. "वर्ष झालं, मला पायांकडे बघत चालावं लागतं."